उतारशाळेचा रखवालदार : ‘हाफब्रीड’च्या पुनर्वाचनाच्या निमित्ताने

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंच्या हाती सापडलेला वाटसरू, त्याला टाळून पलीकडून निघून जाणारे याजक आणि लेवी, आणि जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधणारा तो परका. बहुतेक प्रवचने येथे येऊन थांबतात. दाखला मात्र येथे थांबत नाही. तो परका जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, एक रात्र त्याची शुश्रूषा करतो, दुसऱ्या दिवशी रखवालदाराच्या हातावर दोन दीनार ठेवतो, अधिक खर्च आल्यास परतताना भागवीन असे सांगतो आणि आपल्या वाटेने जातो. यापुढचे सारे काम रखवालदाराचे. जखम भरायला किती दिवस लागले, तो माणूस रात्री दचकून उठत होता काय, बरा झाल्यावर त्याच वाटेने एकट्याने परत जाण्याचे धैर्य त्याला कोठून आले, दोन दीनार पुरले की कमी पडले, याविषयी शुभवर्तमानकार काहीच सांगत नाहीत. रखवालदाराला नाव नाही, आणि त्याच्या स्मरणार्थ आपण एखादा सणही पाळत नाही.

व्यसन आणि आघात यांतून वर येणाऱ्या माणसांविषयीचे साहित्यही बहुधा याच ठिकाणी थांबते. अधःपतन तपशीलवार येते, तळ गाठल्याचा क्षण येतो, हातातली बाटली खाली ठेवली जाते आणि पुस्तक मिटते. आपल्या कॅथलिक वाचकाला ही रचना विशेष जवळची वाटते. संत ऑगस्टीनच्या परिवर्तनाची कथा आपण ऐकलेली असते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात पुष्ट वासरू कापल्याबरोबर आपले समाधान होते. मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घरात, त्याच रागावलेल्या थोरल्या भावाच्या समोर बसून धाकट्याने न्याहारी कशी केली असेल, असा प्रश्न आपण विचारत नाही. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे लोक मात्र नेमका हाच प्रश्न विचारतात. उपचार केंद्रातील काही आठवडे हा त्यांच्या दृष्टीने सोपा भाग असतो. केंद्राचे फाटक मागे बंद झाले की बाई कोठे राहणार, तिची मुले तिला परत मिळणार काय, पहिल्या पगाराच्या संध्याकाळी तिच्यासोबत कोण असेल, मध्यरात्री तिने कोणाचे दार ठोठवावे, हा खरा अवघड भाग.

मारिया कॅम्पबेल यांचे ‘हाफब्रीड’ हे आत्मकथन आम्ही अलीकडे दुसऱ्यांदा वाचले आणि हा विसरलेला रखवालदार आठवला. पुस्तक १९७३ साली कॅनडात प्रसिद्ध झाले. तेथील मूलनिवासी स्त्रियांच्या लेखनाचा विषय निघाला की आजही पहिले नाव याच पुस्तकाचे निघते. आम्ही ते प्रथम वाचले तेव्हा आमच्या टिपणवहीत दोन आक्षेप नोंदवले होते. पुस्तकाचा शेवट घाईत उरकलेला आहे, हा पहिला. मधल्या भागात एक सांधा निखळलेला आहे, एक हसरी मुलगी पुरेशा कारणावाचून एकदम कडवट होते, हा दुसरा. या दोन्ही आक्षेपांची फेड करणे हा या लेखाचा एक हेतू आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. फरच्या व्यापारासाठी कॅनडाच्या अंतर्भागात गेलेले फ्रेंच व स्कॉटिश पुरुष आणि क्री, ओजिब्वे आदी जमातींच्या स्त्रिया यांच्या संततीतून जो समाज घडला त्याला मेती म्हणतात. त्यांची स्वतःची भाषा, संगीत आणि शिकारीचे कायदे होते. आपल्या जमिनी राखण्यासाठी त्यांनी १८६९-७० मध्ये आणि पुन्हा १८८५ मध्ये उठाव केला. दुसऱ्या उठावाचा बटोश येथे पराभव झाला आणि त्यांचा नेता लुई रिएल याला १६ नोव्हेंबर १८८५ रोजी फाशी देण्यात आली. त्यानंतर भूमिहीन झालेली कुटुंबे नियोजित रस्त्यांसाठी राखून ठेवलेल्या सरकारी पट्ट्यांवर झोपड्या बांधून राहू लागली. त्यामुळे त्यांना ‘रोड अलाउन्सची माणसे’ असे नाव पडले. ‘हाफब्रीड’ ही त्यांना हासडली जाणारी शिवी. लेखिकेने तीच पुस्तकाच्या माथ्यावर लावली. आपल्याकडे १९८० साली लक्ष्मण माने यांनी ‘उपरा’ हे नाव निवडले, त्यामागची जिद्द ज्यांना कळली त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

१९४० साली उत्तर सस्कॅचेवानमध्ये जन्मलेल्या या मुलीचे बालपण पुस्तकाच्या निम्म्याहून अधिक भागात पसरले आहे. तो भाग हसरा आहे. फिडलच्या साथीवर रात्र रात्र चालणारे नाच, लग्नघरातील गोंधळ, भावंडांच्या खोड्या, बापाच्या हाताखाली शिकलेली शिकार. दारिद्र्य आहे, पण ते पानापानावर मांडून ठेवलेले नाही. या सगळ्याच्या मध्यभागी पणजी बसलेली आहे. तिला मुले चीचम म्हणतात. गॅब्रिएल द्युमाँ या १८८५ च्या सेनानीची ही पुतणी. ती शंभरी ओलांडून जगली आणि तिने ख्रिस्ती होण्यास अखेरपर्यंत नकार दिला. मारियाची आई मात्र श्रद्धाळू कॅथलिक. म्हणजे एकाच घरात दोन स्त्रिया, दोन श्रद्धा; आणि मुलगी दोघींचीही.

येथे कॅथलिक वाचकाची पहिली परीक्षा होते. सात वर्षांच्या मारियाला बोव्हाल येथील कॅथलिक निवासी शाळेत ठेवण्यात आले. क्री भाषेत बोलल्याची शिक्षा म्हणून तेथे तिला अंधाऱ्या जागेत कोंडले गेले. पुढे ती बारा वर्षांची असताना आई वारली. अंतिम अभ्यंग झालेला नाही एवढ्या कारणाने धर्मगुरूंनी तिच्यासाठी मिस्सा अर्पण करण्यास नकार दिला आणि त्या श्रद्धाळू कॅथलिक बाईची माती अखेर अँग्लिकन चर्चच्या आश्रयाने झाली. लेखिका हा प्रसंग फार थोडक्यात सांगतात, कसलाही युक्तिवाद करत नाहीत. वाचताना आमचा हात आपोआप समर्थनाकडे वळला : तेव्हाचे नियम कडक होते, तो धर्मगुरू एकटा होता, वगैरे. मग लक्षात आले की त्या बारा वर्षांच्या मुलीपुढे उभे राहून हे समर्थन करण्याची आमची छाती होणार नाही. ख्रिस्तसभेविषयी राग व्यक्त करणारे पुस्तक आपल्या नियतकालिकांतून एक तर अनुल्लेखाने बाजूला ठेवले जाते किंवा खंडनासाठी हाती घेतले जाते. या पुस्तकाची तशी बोळवण करता येत नाही, कारण त्यातील राग हा विरोधकाचा नाही. आपल्याच घरातून बाहेर काढलेल्या लेकीचा तो राग आहे.

पुढची कथा वेगाने घसरते. भावंडांची ताटातूट होऊ नये म्हणून पंधराव्या वर्षी ती लग्न करते. तोच नवरा सरकारी कल्याण खात्याला वर्दी देतो आणि भावंडे परक्या घरी वाटली जातात. मग व्हँकुव्हर, नवऱ्याने टाकणे, वेश्याव्यवसाय, हेरॉइन, मद्य, आत्महत्येचे प्रयत्न, मनोरुग्णालय. या भागातील निवेदन तुटक आहे. माणसे येतात आणि नाहीशी होतात, महिने गळून पडतात. आम्हाला हा दोष वाटत नाही. ज्या वर्षांची सलग आठवणच उरलेली नाही ती सलग लिहिणे हे खोटे ठरले असते.

या सबंध पुस्तकात दोन वस्त्रे आहेत आणि ती ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पहिले चीचमच्या बोलण्यातील घोंगडे. सरकार लोकांना काही देते तेव्हा ते घोंगडे पांघरायला देते आणि लोक आपली लाज त्याखाली झाकून घेतात, मान वर करायला विसरतात, असे पणजी पणतीला समजावते. दुसरे वस्त्र प्रत्यक्षातले. सरकारी मदत मागायला जाताना चांगले कपडे घालू नकोस, दीनवाणी दिसलीस तरच पैसे मिळतील, असा सल्ला एक मैत्रीण देते आणि मारिया जुनापुराणा, अंगाला न येणारा कोट उसना घेऊन कचेरीत जाऊन बसते. मदत मिळते. पण तो कोट चढवताना झालेली मानहानी ती विसरू शकत नाही. व्यसनमुक्त स्त्रियांच्या पुनर्वसनावर लिहिलेल्या कित्येक अहवालांत जे आढळत नाही ते या कोटाच्या प्रसंगात आहे. मदत देणाऱ्याला समोरची व्यक्ती गरजू दिसावी लागते, आणि जिला पुन्हा उभे राहायचे आहे तिला नेमके तसे दिसणे थांबवायचे असते. आपल्या धर्मग्रामांतून गरिबांना मदत वाटणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी हा प्रसंग एकदा शांतपणे वाचावा. ‘खरोखर गरजू आहे काय’ हा प्रश्न आपण किती सहजतेने विचारतो!

आता पहिल्या आक्षेपाकडे. पुस्तकाच्या अखेरच्या भागात मारिया रुग्णालयातून बाहेर पडते, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना जाऊ लागते, त्या सभांतून तिला आपल्यासारखी मूलनिवासी माणसे भेटतात, त्यांच्यातून चळवळ भेटते. हे सगळे थोड्या पानांत उरकते. सुटकेचा एखादा तेजस्वी क्षण आम्ही शोधत होतो, तो नाही. ती सावरते, पुन्हा ढासळते, पुन्हा सावरते. मुक्तीचे शिखर लिहायला लेखिकेची लेखणी कमी पडली असा निष्कर्ष आम्ही काढला होता. तो निष्कर्ष चुकीचा होता; शिखराची अपेक्षा आमची होती. या पुस्तकात बरे होणे म्हणजे एखादी घटना नव्हे. कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून काढलेली संध्याकाळ, सभेला जायला मिळालेली सोबत, ‘मीही तेथे होते’ असे म्हणणारी एखादी बाई, अशा बारीकसारीक गोष्टींची ती रांग आहे. अशा रांगेचे नाट्य होत नाही आणि म्हणून ती थोड्या पानांत मावते. शेवटाकडे येताना आपल्यासारख्या मुलींना काही काळ टेकायला एखादे घर असावे अशी इच्छा लेखिका बोलून दाखवतात. ती इच्छा कागदावरच राहिली नाही. एडमंटन शहरात स्त्रियांसाठी पहिले ‘हाफवे हाउस’ आणि स्त्रिया व मुलांसाठी पहिले संकटकालीन निवारा केंद्र उभारणाऱ्यांत त्या होत्या. पुस्तक जेथे संपते तेथे उतारशाळा सुरू होते. पुस्तकाला शेवट नाही अशी तक्रार करताना आम्ही तो शेवट पुठ्ठ्याच्या आत शोधत होतो.

‘हाफवे हाउस’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधताना आम्ही बराच वेळ घालवला. ‘अर्धवाट-गृह’ हे हास्यास्पद होते, ‘पुनर्वसन केंद्र’ म्हटले की सरकारी पाटी डोळ्यांसमोर येते. उपचारानंतरच्या सांभाळाला आपल्या भाषेत चांगला शब्द नाही हे खरे. पण तशी रीत आपल्या घरांत आहे. बाळंतिणीचा सव्वा महिना आठवावा. बाळ सुखरूप जन्मले, सुईण घरी गेली, पेढे वाटून झाले, तरी बाळंतिणीला कोणी एकटे सोडत नाही. तिला शेक, तिला वेगळे जेवण, तिच्या रडण्याला मुभा, आणि रात्री बाळ रडले तर उठायला दुसरे कोणी. तिचा जन्मही पुन्हा झालेला आहे हे घरातील थोरल्या बायका पुस्तके न वाचता जाणतात. व्यसनातून उठलेल्या बाईला हा सव्वा महिना, खरे तर सव्वा वर्ष, कोण देणार? दारू सोडलेला पुरुष घरी परतला की त्याची आई आणि बायको त्याचा सांभाळ करतात. बाई परतली की तिच्यापुढे तुंबलेले घरकाम असते. आपल्याकडे फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात ‘कृपा’चे काम सुरू केले आणि व्यसनी माणसाकडे पापी म्हणून न पाहता आजारी म्हणून पाहायला आपल्या समाजाला शिकवले, हे ऋण मोठे आहे. तरीही आपल्या गावांत दारू पिणाऱ्या बाईविषयी बोलताना आवाज आजही खाली जातो.

दुसऱ्या आक्षेपाची गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. मारिया चौदा वर्षांची असताना कथनात एक खड्डा पडतो असे आम्हाला वाटले होते. आमच्या आधीही अनेकांना तसे वाटले असावे. त्याचा उलगडा २०१८ साली झाला. दोन संशोधिकांना एका विद्यापीठाच्या दप्तरात मूळ हस्तलिखिताची दोन पाने सापडली. चोरट्या शिकारीच्या मांसाचा शोध घेण्याच्या निमित्ताने घरात शिरलेल्या शाही पोलीस दलाच्या शिपायाने त्या मुलीवर केलेल्या बलात्काराची ती पाने होती. हे छापले तर पोलीस दल पुस्तकावर बंदी आणवील या भीतीने प्रकाशकाने, लेखिकेच्या इच्छेविरुद्ध, ती काढून टाकली होती. २०१९ च्या आवृत्तीत ती पूर्ववत घालण्यात आली. म्हणजे ४६ वर्षे हे पुस्तक जगभर गाजत होते, अभ्यासक्रमांत लागत होते, आणि त्याच्या काळजातील जखम कापून बाजूला ठेवलेली होती. आमच्यासारखे समीक्षक ‘मनोविश्लेषणात्मक संगती अपुरी’ असे शेरे लिहून लेखिकेला दोष देत होते. त्या पानांत आणखी एक गोष्ट आहे. घरातील थोरली बाई मुलीला गप्प राहायला सांगते, कारण बापाला कळले तर तो शिपायाचा जीव घेईल आणि फासावर जाईल. त्या बाईचे भय खरे होते, तिचे प्रेमही खरे होते. तरी मुलीच्या वाट्याला गप्प बसणे आले, आणि पुढे प्रकाशकाने त्याच गप्प बसण्यावर शिक्कामोर्तब केले.

व्यसन आणि आघात यांचा संबंध आज वैद्यकशास्त्र सांगते. आघाताला वाचा न फोडता केवळ दारू सोडवली तर बाई फार दिवस टिकत नाही, हे या क्षेत्रातील कार्यकर्ते अनुभवाने सांगतात. जुन्या ‘हाफब्रीड’ची स्थिती अशाच बाईसारखी होती : ती सावरलेली दिसत होती, तिचे कौतुक होत होते, आणि जे सांगायचे ते तिला सांगू दिलेले नव्हते. सांभाळाचे पहिले काम ऐकणे हे असेल, तर ऐकणाऱ्याला जेवढे झेपेल तेवढेच ऐकणे याला सांभाळ म्हणता येणार नाही. दलित आत्मकथनांच्या बाबतीतही आपल्या समीक्षेने असेच केले, असे आम्हाला वाटते. ‘दाहक’, ‘विदारक’, ‘अंतर्मुख करणारे’ ही आपली ठेवणीतील विशेषणे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले तेव्हाही ती वापरून झाली. जखम पाहून हळहळणाऱ्या समीक्षेजवळ, जखम भरताना काय होते त्याविषयी बोलायला शब्दच नव्हते.

याच वाटेवरील दुसऱ्या एका पुस्तकाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. १९९८ सालचे ‘स्टोलन लाइफ’ हे इव्हॉन जॉन्सन आणि कादंबरीकार रूडी वीब यांनी मिळून लिहिलेले. जॉन्सन या क्री स्त्रीने, खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगत असताना, तुरुंगातून वीब यांना पत्र लिहिले. कारण वीब यांनी ज्या बिग बेअर या क्री नेत्यावर कादंबरी लिहिली होती त्याची ती वंशज होती. पुस्तक मोठे आहे, बालपणापासूनच्या लैंगिक अत्याचारांचे वर्णन त्यात असह्य होईल इतके आहे, आणि वीब यांचा सराईत हात कधी कधी तिच्या बोलण्यावर जरा जास्तच फिरतो. आम्हाला कॅम्पबेल यांचे तुटक पुस्तक अधिक विश्वसनीय वाटते. पण एक श्रेय वीब यांना द्यावेच लागेल. पत्राला उत्तर देऊन ते थांबले नाहीत. वर्षानुवर्षे भेटत राहिले, ऐकत राहिले. याच पुस्तकातून सस्कॅचेवानमधील ओकिमाव ओहची या १९९५ साली सुरू झालेल्या ‘हीलिंग लॉज’ची ओळख वाचकाला होते. मूलनिवासी कैदी स्त्रियांसाठी असलेल्या या तुरुंगात जमातीतील वडीलधाऱ्या स्त्रिया मार्गदर्शनासाठी येतात, पारंपरिक विधी होतात, आणि आईला मुलांना जवळ ठेवण्याची सोय योजलेली आहे. तुरुंगाला घराचे रूप देण्याच्या या प्रयोगाच्या मर्यादा उघड आहेत. कुलूप अखेर कुलूपच असते.

सर्वांत वेगळे उदाहरण छापील पुस्तकातले नाही. ब्रिटिश कोलंबियातील अल्कली लेक ही सेक्वेपेमक लोकांची लहानशी वस्ती. एके काळी तेथे दारू न पिणारा प्रौढ माणूस शोधावा लागे. १९७२ साली फिलिस चेल्सी या बाईने दारू सोडली, कारण तिच्या लहान मुलीने आईबाप पितात म्हणून घरी यायला नकार दिला. मागोमाग तिच्या नवऱ्याने, अँडीने सोडली. पुढे तो वस्तीचा मुखिया झाला. ‘द ऑनर ऑफ ऑल’ हा १९८५ च्या सुमाराचा चित्रपट ही कथा सांगतो आणि त्यात वस्तीतील माणसांनी स्वतःच्याच भूमिका केल्या आहेत. अभिनय म्हणून पाहिले तर तो कच्चा आहे. पण जिने खरोखर दारू ओतून दिली तीच बाई कॅमेऱ्यासमोर ती पुन्हा ओतून देत असेल तर अभिनयाची मापे कोठे लावायची? कथेतील एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. वस्तीतील कोणी उपचारासाठी शहरात गेले की मागे राहिलेले लोक त्याची मुले सांभाळत, आणि त्याचे घर झाडून, दुरुस्त करून, रंगवून ठेवत. बरा होऊन परतणाऱ्याने त्याच काळवंडलेल्या भिंतींकडे परतू नये म्हणून.

याच वस्तीच्या कथेत आपली ख्रिस्तसभा दोनदा येते. सुरुवातीच्या दिवसांत ए.ए.ची सभा घेण्यासाठी एक ऑब्लेट धर्मबंधू तेथे नेमाने येत असे. कित्येकदा सभेला फिलिस आणि अँडी यांखेरीज कोणी नसे. तरी तो येत राहिला. आणि वस्तीतील मुले ज्या विल्यम्स लेकजवळच्या निवासी शाळेत पाठवली जात तीही ऑब्लेटांचीच. तेथे मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल १९८९ पासून न्यायालयांनी शिक्षा ठोठावल्या. चित्रपट त्याच्या आधीचा. तो दारूविषयी बोलतो. दारूच्या मुळाशी काय होते याविषयी मोकळेपणाने बोलणे नंतरच्या वर्षांत सुरू झाले. एकाच संघाचे झगे घातलेली ही माणसे. जखम करणारे तेच आणि रिकाम्या सभागृहात वाट पाहणाराही त्यांच्यातलाच. या दोन गोष्टींची वजाबाकी करून ताळेबंद जमवण्याचा मोह आम्हाला झाला होता. तो जमत नाही आणि जमवूही नये.

कॅनडातील निवासी शाळांत सुमारे दीड लाख मुले घालण्यात आली आणि त्यांतील अर्ध्याहून अधिक शाळा कॅथलिक संस्थांच्या हाती होत्या. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अल्बर्टातील मस्क्वाचीस येथे जाऊन क्षमा मागितली आणि क्षमा मागणे ही केवळ सुरुवात आहे असे तेथेच सांगितले. आपल्या नियतकालिकांतून त्या भेटीची छायाचित्रे ठळकपणे झळकली. त्यामागील पैशांची कथा तितकी झळकली नाही. २००६ च्या तडजोडीनुसार कॅथलिक संस्थांनी सांत्वन व पुनर्वसनाच्या कामासाठी अडीच कोटी डॉलर जमवण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करायचा होता. जमले चाळीस लाखांहून कमी, आणि २०१५ साली न्यायालयाच्या निर्णयाने उरलेल्या बांधिलकीतून त्या मोकळ्या झाल्या. २०२१ मध्ये तेथील बिशपांनी पाच वर्षांत तीन कोटी डॉलर देण्याचे नव्याने जाहीर केले, तेव्हा या जुन्या आकड्याची आठवण लोकांना होतीच. सरकारचा हिशेबही फारसा वेगळा नाही. १९९८ साली ३५ कोटी डॉलर देऊन उभारलेली ‘अ‍ॅबोरिजिनल हीलिंग फाउंडेशन’ ही संस्था वस्तीवस्तीतील छोट्या केंद्रांना बळ देत होती. ती २०१४ साली बंद झाली. पुढच्याच वर्षी सत्यशोधन आयोगाने आपल्या ९४ शिफारशींत अशा केंद्रांना कायमस्वरूपी पैसा द्यावा असे सांगितले. शोमरोन्याने रखवालदाराला दिलेले अभिवचन लक्षात घ्यावे : परत येईन आणि कमी पडले ते भरीन. तो परत आला की नाही हे दाखल्यात सांगितलेले नाही.

कॅम्पबेल यांनी हे पुस्तक सुरू केले ते स्वतःला लिहिलेले पत्र म्हणून, असे त्यांनीच सांगितले आहे. हाती पैसा नव्हता, बोलायला माणूस नव्हते आणि जुन्या वाटेने परत जाण्याचा धोका समोर होता. म्हणजे लेखिका होण्यापूर्वी त्या स्वतःच्या रखवालदार झाल्या. पुस्तकाच्या भाषेत जो साधेपणा आहे त्याचे मूळ आम्हाला येथे दिसते. स्वतःला लिहिलेल्या पत्रात अलंकार कोणासाठी घालायचे?

वाचकांनी २०१९ ची आवृत्तीच मिळवावी. आमची जुनी प्रत आम्ही फेकून दिलेली नाही. तिच्या समासात, ज्या जागी आता ती दोन पाने आली आहेत नेमक्या त्याच जागी, ‘येथे निवेदन ढिले’ असा आमच्या हस्ताक्षरातील पेन्सिलीचा शेरा आहे. तो आम्ही खोडलेला नाही.